सगळं आधीच ठरलेलं असतं, तरी पब्लिकनं रेसलमेनियाची स्टोरी बदलायला लावली

घरी टीव्हीवर रेसलिंग लागलेलं असायचं. अंडरटेकरची घंटा वाजायची, दिवे जायचे, आपण श्वास रोखून बसायचो आणि नेमकं तेव्हाच मागून कुणीतरी मोठं माणूस म्हणायचं, "अरे, ते सगळं खोटं असतंय."

झालं, निम्मी मजा तिथंच जायची. मग दुसऱ्या दिवशी शाळेत त्यावरून वाद. कार्डांवरची रँक आणि हाइट तोंडपाठ असलेली पोरं एका बाजूला आणि 'आमच्या काकांनी सांगितलंय' म्हणणारी दुसऱ्या बाजूला.

आता मोठं झाल्यावर मान्य करायला हरकत नाही की काका बरोबर होते. कोण जिंकणार, कोण हरणार, कोण कुणाला दगा देणार हे सगळं आधी ठरलेलं असतं. पण काकांच्या ध्यानात एक गोष्ट आली नव्हती. रिंगमधल्या दोघांना शेवट माहिती असतो, रेफ्रीला माहिती असतो, पडद्यामागं बसलेल्या लेखकांना माहिती असतो. माहिती नसतो तो फक्त खुर्च्यांवर बसलेल्या पब्लिकला. त्या हॉलमध्ये स्क्रिप्ट नसलेला एकमेव कलाकार म्हणजे पब्लिक.

आणि २०१४ साली याच पब्लिकनं हट्ट धरून जगातल्या सगळ्यात मोठ्या रेसलिंग शोचा शेवट बदलायला लावला. तो हट्ट होता डॅनियल ब्रायन नावाच्या गड्यासाठी.

आधी बेसिक समजून घेऊ

डब्ल्यूडब्ल्यूईचा 'रॉ' हा शो जानेवारी १९९३ पासून दर आठवड्याला चालू आहे. १९९९ मध्ये 'स्मॅकडाऊन' त्याच्या जोडीला आला. आपल्याकडच्या मालिका कधी ना कधी संपतात, पण रॉला ना सीझन असतो, ना सुट्टी. दर आठवड्याला नवीन गाव, नवीन पब्लिक आणि तीच पुढं चाललेली स्टोरी.

या धंद्याचे स्वतःचे शब्द आहेत. हिरोला म्हणतात फेस, खलनायकाला म्हणतात हील. हिरोचा खलनायक झाला किंवा उलटं झालं की तो टर्न. माईक हातात घेऊन समोरच्याला धमकावणं म्हणजे प्रोमो. कोण जिंकणार हे ठरवण्याच्या कामाला म्हणतात बुकिंग. आणि हे सगळं खरंच आहे असं भासवत राहायचं, त्याला म्हणतात केफेब.

जुन्या काळात केफेब फार कडक होतं. रिंगमध्ये वैरी असलेल्या दोघांनी लोकांसमोर एकत्र जेवायचं नाही, एका गाडीतून फिरायचं नाही, असा दंडक होता. पण १९८९ मध्ये कंपनीनंच अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात कबूल केलं की हा खेळ नाही, करमणूक आहे. कारण अगदी व्यावहारिक होतं. खेळ म्हटलं की राज्याच्या क्रीडा मंडळाचे नियम, देखरेख आणि कर मागं लागत होते. करमणूक म्हटलं की त्यातून सुटका.

आपल्याकडं आखाड्यात दोघांनी आधीच ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात आणि तो शब्द शिवीसारखा वापरला जातो. राजकारणातही दोन पक्षांची मिलीभगत दिसली की हाच शब्द निघतो. पण इथं एक फरक आहे. नुरा कुस्तीत पब्लिकची फसवणूक होते, कारण खरी लढत बघायला मिळणार म्हणून लोक आलेले असतात. डब्ल्यूडब्ल्यूईच्या पब्लिकला सगळं माहिती असतं. नाटकाला जाणाऱ्याला जसं माहिती असतं की स्टेजवर मेलेला माणूस नंतर मेकअप उतरवून घरी जाणार आहे, तसंच.

तेव्हा 'खरं की खोटं' हा प्रश्न तिथले लोक विचारतच नाहीत. त्यांचा प्रश्न वेगळा असतो, की कंपनीनं ज्याला हिरो ठरवलंय तो आम्हाला हिरो वाटतो का?

शिव्या घालून उपयोग नसतो, ही खरी पंचाईत

समजा तुम्हाला एखादी स्टोरी आवडली नाही. मालिका असेल तर चॅनल बदलाल, सिनेमा असेल तर उठून जाल. रेसलिंगमध्ये तुम्ही तिकीट काढून हॉलमध्ये बसलाय आणि समोर नावडता गडी जिंकतोय. तुम्ही काय करणार? हूटिंग करणार, बू करणार.

पण त्या गड्याचं कामच लोकांकडून बू करून घेणं असेल तर? हीलला जितकी हूटिंग जास्त, तितकं त्याचं काम चोख. तुमचा संताप हाच त्याचा पगार. तुम्ही जितकं ओरडाल तितकं पडद्यामागचे लोक म्हणणार, वा, स्टोरी चालली.

मग पब्लिकनं नाराजी दाखवायची कशी? यावर लोकांनी हळूहळू एक तोडगा शोधला. समोर चाललेल्या माणसाकडं बघायचंच नाही आणि जो तिथं नाहीच त्याच्या नावानं ओरडत बसायचं. हूटिंग स्टोरीत बसवता येते, पण गैरहजर माणसाच्या नावाचा गजर बसवता येत नाही. लाइव्ह शोमध्ये तो आवाज कापताही येत नाही.

ब्रायनच्या बाबतीत हेच घडलं.

अठरा सेकंदांची मॅच

डॅनियल ब्रायनचं खरं नाव ब्रायन डॅनियलसन. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या ॲबर्डीन गावचा पोरगा. शॉन मायकल्सच्या शाळेत शिकला आणि १९९९ पासून दहा वर्षं छोट्या कंपन्यांत, छोट्या हॉलमध्ये, जपान-इंग्लंडपर्यंत फिरून कुस्त्या केल्या. जाणकार लोक त्याला जगातल्या उत्तम रेसलर्समध्ये गणत होते. अडचण एकच होती, तो दिसायला साधा होता. उंची साडेपाच फुटांच्या थोडी वर. पुढं दाढी वाढवल्यावर तर रिंगपेक्षा डोंगरावर ट्रेकला निघालेला माणूस जास्त वाटायचा. आणि डब्ल्यूडब्ल्यूईचा जीव पहिल्यापासून उंच-धिप्पाड गड्यांवर.

२०१० मध्ये तो टीव्हीवर आला आणि काही महिन्यांतच त्याला काढून टाकलं. कारण काय, तर एका राड्यात त्यानं रिंग अनाउन्सरचा गळा त्याच्याच टायनं आवळला. लहान मुलं बघतात अशा शोसाठी ते दृश्य फारच हिंसक ठरलं. दोन महिन्यांनी परत घेतलं.

२०११ च्या शेवटी त्याला वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन केलं, पण हील म्हणून. जिंकला की दोन्ही हातांची बोटं आकाशाकडं नाचवत तो 'येस! येस! येस!' ओरडत सुटायचा. क्षुल्लक विजयावर एवढा माज बघून लोकांनी चिडावं, असा हिशोब होता.

१ एप्रिल २०१२ ला फ्लोरिडात रेसलमेनिया २८ होता. पहिलीच मॅच ब्रायन विरुद्ध शेमस. घंटा व्हायच्या आधी ब्रायननं स्टोरीतल्या प्रेयसीचं चुंबन घेतलं, वळला आणि तोंडावर शेमसची लाथ बसली. खेळ खल्लास. मॅच चालली १८ सेकंद.

लिहिणाऱ्यांच्या दृष्टीनं हा विनोद होता. पण रेसलमेनियाला जगभरातून लोक पैसे खर्चून येतात आणि त्यातले बरेच जण दुसऱ्या दिवशीच्या रॉला थांबतात. त्यांना तो विनोद नाही, अपमान वाटला. दुसऱ्या रात्री मायामीत रॉ सुरू झाला आणि हॉल 'येस! येस!'नं दणाणला. मॅच कुणाचीही असो, लोकांचं तोंड बंद होईना. ज्या ओरडण्यानं चिडायचं होतं, तेच लोकांनी उचलून आपलं केलं.

'बी प्लस'चा शिक्का

ऑगस्ट २०१३ मध्ये समरस्लॅमला ब्रायननं जॉन सीनाला सरळ-सरळ हरवलं. सीना म्हणजे त्या काळातला कंपनीचा चेहरा. हॉल नाचायला लागला. तेवढ्यात रेफ्री असलेल्या ट्रिपल एचनं ब्रायनला आपटलं, रँडी ऑर्टन धावत आला आणि पट्टा घेऊन गेला.

इथून स्टोरी सुरू झाली ती मालक विरुद्ध कामगार अशी. ट्रिपल एच आणि स्टेफनी मॅकमॅहन हे स्टोरीतही बॉस आणि प्रत्यक्षातही कंपनीचे बडे अधिकारी. ते टीव्हीवर ब्रायनला 'बी प्लस' म्हणायचे. म्हणजे बरा आहेस, पण कंपनीचा चेहरा होण्याच्या लायकीचा नाहीस.

आता गंमत बघा. हा डायलॉग होता, पण लोकांना तो डायलॉग वाटेना. कंपनी खरंच असाच विचार करते, असं त्यांना आधीपासून वाटत होतं. आणि ऑफिसात चांगलं काम करूनही 'अजून तुझी वेळ आली नाही' हे वाक्य ऐकलेल्या माणसाला यात स्वतःची गोष्ट दिसत होती. स्टोरी आणि वास्तव यांच्यातली भिंत इतकी पातळ झाली की कुठलं कुठं संपतं हेच कळेना.

सप्टेंबरमध्ये ब्रायन पुन्हा जिंकला, दुसऱ्या दिवशी पट्टा काढून घेतला. ऑक्टोबरमध्ये त्याचाच गुरू शॉन मायकल्स रेफ्री होता, त्यानंही दगा दिला. आणि मग कंपनीनं त्याला मुख्य स्टोरीतून बाजूला करून वायट फॅमिलीच्या भांडणात ढकललं.

डिसेंबर २०१३ मध्ये सिएटलला रॉ होता. ब्रायनचं गाव याच राज्यात. सीना आणि ऑर्टनच्या मोठ्या मॅचसाठी सगळे जुने चॅम्पियन रिंगमध्ये उभे केले होते, गंभीर भाषणं चालू होती आणि पब्लिक एका सुरात ओरडत होतं, 'डॅनियल ब्रायन! डॅनियल ब्रायन!' बोलणाऱ्यांना बोलता येईना. ज्याच्या नावानं ओरडा चालला होता, तो मागं एका बाजूला उभा होता.

पिट्सबर्गची रात्र

२६ जानेवारी २०१४, पिट्सबर्ग, रॉयल रंबल. तीस गडी एकामागून एक रिंगमध्ये येतात आणि शेवटी उरणाऱ्याला रेसलमेनियाची मुख्य मॅच मिळते.

कंपनीनं आपला हिरो ठरवला होता, बतिस्ता. चार वर्षं हॉलिवूडच्या नादात बाहेर होता, आठवड्यापूर्वीच परत आलेला. ब्रायन संध्याकाळी वायटशी लढून हरला होता, पण रंबलमध्ये येईल अशी सगळ्यांना खात्री. एकोणतीस जण आले, ब्रायन नाही. उरला फक्त तिसावा नंबर.

म्युझिक वाजलं. रे मिस्टेरिओ.

रे मिस्टेरिओला कोण बू करतं? मुखवटा घातलेला, पोराटोरांचा लाडका गडी. त्याची कसलीच चूक नव्हती. पण त्या रात्री पूर्ण हॉलनं त्याला बू केलं, कारण तो ब्रायन नव्हता. शेवटी बतिस्ता आणि तरणाबांड रोमन रेन्स दोघंच उरले, तर लोक हिरो बतिस्ताला सोडून रेन्सच्या बाजूनं ओरडायला लागले. बतिस्ता जिंकला आणि अशा हूटिंगमध्ये जिंकला की घरवापसीचा सोहळा पार बेचव झाला.

मग कंपनी झुकली

त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडली. रंबलच्या दुसऱ्या दिवशी सीएम पंक हा दुसरा लाडका गडी कंपनी सोडून निघून गेला. रेसलमेनियाला त्याची मॅच ट्रिपल एचशी होणार होती, असं त्यानं नंतर सांगितलं. ती जागा मोकळी झाली. शिवाय फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीनं महिना दहा डॉलरच्या आसपास पैसे घेणारं स्वतःचं ऑनलाइन नेटवर्क चालू केलं होतं. पैसे भरणारं गिऱ्हाईकच नाराज असून कसं चालेल?

म्हणून एकट्या पब्लिकनं सगळं केलं असं म्हणणं थोडं जास्त होईल. पण रिकामी झालेली जागा ब्रायनलाच द्यावी लागली, ती पब्लिकमुळं. त्याच्यासाठी आधी शेमसबरोबरची एक साधी मॅच ठरत होती, हे पुढं ब्रायननंच सांगितलं. हा शेमस म्हणजे तोच, अठरा सेकंदवाला.

१० मार्चला मेम्फिसमध्ये ब्रायन आपल्या समर्थकांना घेऊन आला. येसचे टी-शर्ट घातलेल्या लोकांनी रिंग भरून गेली. मागणी मान्य झाल्याशिवाय हटणार नाही म्हणाले. अर्थातच हे कंपनीनंच घडवलेलं होतं. म्हणजे आधी लोकांनी कंपनीविरुद्ध आंदोलन केलं आणि मग कंपनीनं त्या आंदोलनाचीच स्टोरी केली. सौदा ठरला: ब्रायननं ट्रिपल एचला हरवलं, तर त्याच रात्री मुख्य मॅचमध्ये एंट्री.

६ एप्रिल २०१४, न्यू ऑर्लीन्स, रेसलमेनिया ३०. पहिल्या मॅचमध्ये ट्रिपल एच हरला. मधल्या वेळात ब्रॉक लेसनरनं अंडरटेकरला हरवलं. रेसलमेनियात २१ वेळा जिंकून एकदाही न हरलेला अंडरटेकर हरला म्हटल्यावर सगळं स्टेडियम सुन्न झालं. आणि अशा सुन्न पब्लिकसमोर शेवटी ब्रायननं बतिस्ताला हार मानायला लावली. ऑर्टनचा पट्टा त्याच्याकडं आला. दोन्ही हातांत दोन पट्टे आणि समोर सत्तर हजारांच्या वर बोटं आकाशाकडं.

मग पब्लिकच मालक म्हणायचं का?

तसंही नाही. पुढच्याच वर्षीच्या रंबलमध्ये फिलाडेल्फियात ब्रायन लवकर बाहेर गेला आणि रोमन रेन्स जिंकला. वर्षापूर्वी ज्याच्यासाठी लोक ओरडले, त्यालाच आता बू केलं. सोबतीला द रॉकला आणून त्यानं रेन्सचा हात उंचावला, तरी लोक ऐकेनात. कंपनीनं त्यानंतर वर्षानुवर्षं रेन्सला हिरो करण्याचा हट्ट सोडला नाही. शेवटी २०२० मध्ये त्याला खलनायक केलं आणि तो त्या पिढीतला सगळ्यात मोठा स्टार ठरला.

त्याच २०२० मध्ये पब्लिकची किंमत वेगळ्या पद्धतीनं कळली. कोरोनात शो रिकाम्या हॉलमध्ये झाले. गडी तेच, डायलॉग तेच, पण बघवेना. मग घरबसल्या लोकांचे चेहरे दाखवणारे स्क्रीन रिंगभोवती लावले आणि आवाज रेकॉर्डिंगचे सोडले. ज्यांच्या ओरडण्याचा त्रास व्हायचा, त्यांचाच आवाज नकली तयार करून लावावा लागला.

आणि बरोबर दहा वर्षांनी ब्रायनचा किस्सा पुन्हा घडला. कोडी रोड्सनं २०२४ ची रॉयल रंबल जिंकली, म्हणजे रेसलमेनियात रोमन रेन्ससमोर तोच हवा. त्याचे वडील डस्टी रोड्स मोठे रेसलर, पण डब्ल्यूडब्ल्यूईचा मुख्य पट्टा त्यांना कधी मिळाला नाही. ती राहिलेली गोष्ट पूर्ण करायची, हीच कोडीची स्टोरी. पण फेब्रुवारीत टीव्हीवर कोडीनं आपली जागा चक्क द रॉकला देऊन टाकली. द रॉक तेव्हा नुकताच मालक कंपनीच्या संचालक मंडळावर आलेला.

या वेळी लोक फक्त हॉलमध्ये ओरडले नाहीत. सोशल मीडियावर 'आम्हाला कोडी पाहिजे'चा पूर आला, यूट्यूबवर त्या व्हिडिओला डिसलाईकचा मारा झाला. आठवडाभरात दिशा बदलली, द रॉक स्वतः खलनायक झाला आणि ७ एप्रिल २०२४ ला कोडीनं रेन्सची १,३१६ दिवसांची चॅम्पियनशिप संपवली. या वेळी स्टोरीचं सगळं काम कुणाच्या हाताखाली होतं? ट्रिपल एचच्या. दहा वर्षांपूर्वी ब्रायनला 'बी प्लस' म्हणणारा तोच बॉस.

पण ब्रायनचं पुढं काय झालं?

ही बाजू सांगितल्याशिवाय गोष्ट पूर्ण होत नाही. चॅम्पियन झाल्यावर काही आठवड्यांतच ब्रायनचे वडील गेले. मे २०१४ मध्ये मानेचं ऑपरेशन झालं. जूनमध्ये पट्टा सोडावा लागला. लोकांनी ज्यासाठी आठ महिने घसा फोडला, ते राज्य जेमतेम दोन महिने टिकलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये डोक्याला वारंवार झालेल्या दुखापतींमुळं त्यानं निवृत्ती जाहीर केली, तीही सिएटलमध्ये, आपल्या लोकांसमोर. निकाल ठरलेला असतो, पण लाकडी फळ्यांवर पडणारी मान खरी असते. लोकांना आवडेल तसं खेळायचं म्हणजे दर वेळी थोडं जास्त जोरात पडायचं, आणि त्याचा हिशोब शरीराला द्यावा लागतो.

२०१८ मध्ये डॉक्टरांनी परवानगी दिली, तो परतला आणि खलनायक झाला. एप्रिल २०१९ च्या रेसलमेनियात चॅम्पियन ब्रायनसमोर उभा होता कोफी किंग्स्टन. अकरा वर्षं कंपनीत राबलेला, कधीच मुख्य स्टोरीत न घेतलेला आणि पब्लिकनं हट्टानं पुढं ढकललेला. त्या रात्री ब्रायन हरला. पाच वर्षांपूर्वी पब्लिकनं त्याला जे दिलं होतं, ते त्यानं दुसऱ्याला मिळवून दिलं.

आपल्या संगीत नाटकांत प्रेक्षक 'वन्स मोअर' म्हणायचे आणि नटाला पद पुन्हा गावं लागायचं. तिथं लोक आवडलेलं पुन्हा मागायचे. इथं लोक न लिहिलेलं मागतात आणि कधीकधी मिळवतातही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं की ते सगळं खोटं असतंय, तर वाद घालू नका. म्हणा, हो काका, खोटंच आहे. फक्त ओरडणारे लोक तेवढे खरे आहेत.